आज प्रत किती?

२०१९ च्या हिवाळ्यात काक्षी मंदावू लागला. मृग नक्षत्रातला हा तांबूस तारा एरवी आकाशातल्या पहिल्या दहा-बारा ठळक ताऱ्यांत मोडतो. त्याची प्रत साधारण ०.५ च्या आसपास असते. प्रतीचा आकडा वाढला की तारा फिका झाला असं समजायचं. डिसेंबर संपता संपता तो रोहिणीपेक्षा फिका दिसायला लागला आणि फेब्रुवारी २०२० च्या मध्यावर १.६ पर्यंत उतरला. लहानपणापासून मृग बघत आलेल्या माणसांना तो ओळखीचा चौकोन विचित्र वाटू लागला. तारा आयुष्याच्या उतरणीला लागलेला, त्याचा आता स्फोट होणार का, अशी चर्चा वर्तमानपत्रांतही रंगली होती.

त्याच महिन्यांत कॅन्सरमुळे माझा डावा पाय मांडीतून कापावा लागला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही आणि मी तो कधी जोडलाही नाही. तरी त्या दिवसांबद्दल लिहायला बसले की आधी काक्षीच आठवतो, कारण रोज रात्री नऊच्या सुमाराला फोन वाजायचा आणि पलीकडून एकच प्रश्न यायचा, "आज प्रत किती?"

ताऱ्याची प्रत नुसत्या डोळ्यांनी ठरवायला साधनं लागत नाहीत. ज्यांची प्रत पक्की ठाऊक आहे असे दोन तारे घ्यायचे, एक आपल्या ताऱ्याहून ठळक आणि एक फिका, आणि आपला तारा त्यांच्या मध्ये कुठे बसतो ते अंदाजाने सांगायचं. काक्षीसाठी रोहिणी ०.९, पुनर्वसूतला ठळक तारा १.१, आणि मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा १.६. तुलनेचे तारे शक्यतो क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवरचे हवेत, कारण खालच्या ताऱ्याचा उजेड जाड हवेतून येतो आणि वाटेत मार खातो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. नजर जितकी रेंगाळेल तितका तो उगाच उजळ भासतो. झटकन बघायचं, झटकन नजर काढायची आणि आकडा लिहून मोकळं व्हायचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांकडून असे आकडे गोळा करते आहे. मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्यावर रोज डोळा ठेवायला उसंत नसते, म्हणून व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञही या नोंदींवर विसंबतात.

याला पाय लागत नाहीत. हे माझ्या आधी मंडळातल्या लोकांच्या लक्षात आलं.

मंडळ म्हणजे काही नोंदणी झालेली संस्था नव्हे. अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरून पुण्याबाहेर अंधाऱ्या माळावर जाणारी आम्ही थोडी माणसं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, गॅरेज चालवणारा एक दादा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, दोन-तीन विद्यार्थी, आणि अकाउंट्सच्या ऑफिसात काम करणारी मी. काकांनी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या दुर्बिणी बनवायच्या कार्यशाळेत आरसा घासायला शिकून घेतलं होतं आणि तेव्हापासून भेटेल त्याला ते आरसा घासायला बसवत. आम्ही एकमेकांच्या घरच्या गोष्टी फारशा विचारत नसू. काकांना मुलं किती हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. त्यांच्या दुर्बिणीच्या आरशाचं फोकस किती इंचांचं आहे हे मात्र पाठ होतं. छंदातली ओळख अशीच असते. माणूस मधून कळत जातो, कडेने नाही.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. गुडघा दुखतो म्हणून सुरुवात झाली आणि बायॉप्सीत ऑस्टिओसार्कोमा निघाला. हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा वाढत्या वयातल्या मुलांना होतो, गुडघ्याच्या आसपास. मला तिशी ओलांडल्यावर झाला. उपचारांचा क्रम ठरलेला असतो: आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. हल्ली बऱ्याच रुग्णांचा पाय वाचवता येतो. रोगट हाड काढून तिथे धातूचं हाड बसवतात. माझी गाठ मात्र गुडघ्यामागच्या मोठ्या रक्तवाहिनीला आणि शिरेला वेढून बसली होती. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून ते मला नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

घरात आणि नात्यात त्यानंतर जे सुरू झालं ते प्रेमच होतं. कुणी अंगारा आणला, कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी नुसतं शेजारी बसून रडून गेलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, तू काही करू नकोस, तू फक्त पडून राहा. आईने तर पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्या हाताने उचलू दिला नाही. त्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण हळूहळू घरात माझ्यावाचून अडेल असं काही उरलं नाही, आणि माणूस त्याने आतून फार लवकर खचतो. मंडळातल्या लोकांनी मला धीर दिला, असं मला म्हणता येणार नाही. त्यांना ते जमतच नव्हतं. त्यांनी मला काम दिलं. केमोच्या दिवशीही नऊला फोन यायचा. "काल तू १.२ म्हणालीस आणि बाई १.४ म्हणतात. एवढा फरक कसा? तू खिडकीच्या काचेतून बघितलंस का?" मी कधी चिडून म्हणे, काका, आज खूप उलट्या झाल्या. ते म्हणायचे, "बरं, मग आज नोंद नाही असं लिहितो. उद्या मात्र दे." माझ्या नावापुढची रिकामी जागा कुणाला तरी खटकते आहे याचा तेव्हा केवढा आधार वाटला ते सांगून पटायचं नाही.

केमोत मला दोन मुख्य औषधं होती. एक डॉक्सोरुबिसिन, लालभडक. त्याला उजेड सोसत नाही म्हणून पिशवीवर काळं प्लॅस्टिक चढवलेलं असे. दुसरं सिस्प्लॅटिन. त्याच्या आधी आणि नंतर बाटल्यांवर बाटल्या सलाईन चढवतात, कारण ते मूत्रपिंडाला जड जातं. तोंडात धातूची चव येते, कानात बारीक सूर वाजत राहतो. एकदा ते चालू असताना कॉलेजच्या बाई शेजारी बसल्या होत्या. पिशवीवरचं नाव वाचून म्हणाल्या, "यात खरोखरचं प्लॅटिनम आहे, ठाऊक आहे ना?" आणि सांगत सुटल्या. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकन संशोधक जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते; जिवाणूंचं विभाजन थांबलं ते विजेमुळे नाही, प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून पाण्यात उतरलेल्या संयुगांमुळे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून हे औषध आलं. आणि प्लॅटिनम मुळात कुठून आलं? आपल्या सूर्यासारख्या ताऱ्यात ते तयार होत नाही. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून एक होतात तेव्हा अशी जड मूलद्रव्यं घडतात, असं शास्त्रज्ञ मानतात. अशी टक्कर २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुरुत्वीय लहरींतून टिपली गेली आणि नंतर दुर्बिणींतूनही दिसली. बाईंनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही. त्यांना ते सांगितल्यावाचून राहवलं नाही, एवढंच. मी नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले. मळमळ तेवढीच होती, पण अंगात येणाऱ्या त्या औषधाचा जो राग मनात होता, तो त्या दुपारनंतर पुष्कळ ओसरला.

२६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण कंकणाकृती होतं. कंकण दिसणार ते केरळ, कर्नाटकाचा दक्षिण भाग आणि तमिळनाडूच्या पट्ट्यात, पुण्यात खंडग्रास. मंडळाची कासरगोडची तिकिटं उन्हाळ्यातच काढून झाली होती, त्यात माझंही होतं. ग्रहणाच्या दिवशी मी हॉस्पिटलात होते. सकाळी आठच्या सुमाराला काका वॉर्डात हजर. हातात पिठाची चाळणी आणि मधोमध टाचणीने भोक पाडलेली पोस्टकार्डं.

"तुम्ही गेला नाहीत?"

"माझं तिकीट त्या धाकट्याला दिलं. त्याने अजून कंकण बघितलं नाही."

माझी खाट पूर्वेच्या खिडकीशी होती. शेजारच्या खाटेवर मावळातल्या एक आजी होत्या. त्यांनी ग्रहण सुटेपर्यंत काही खायचं नाही म्हणून चहाही परत पाठवला होता आणि पडदा ओढून घ्या म्हणून त्या सिस्टरांच्या मागे लागल्या होत्या. काका त्यांना म्हणाले, "आजी, सूर्याकडे कुणीच बघायचं नाही. आपण चादरीकडे बघू." त्यांनी पडदा वीतभर सरकवला, उन्हाच्या पट्ट्यात चाळणी धरली, आणि माझ्या पांढऱ्या चादरीवर, दोन्ही पायांच्या उंचवट्यांवर, शेकडो चंद्रकोरी उमटल्या. चाळणीचं प्रत्येक भोक सूर्याची एक प्रतिमा पाडत होतं, आणि सूर्य कोरीएवढा उरला होता. साडेनऊच्या सुमाराला कोरी सर्वांत बारीक झाल्या. सिस्टर हातातला ट्रे ठेवून बघायला आल्या. आजींनी हात लांब केला, तेव्हा त्यांच्या तळहातावरही पाच-सहा कोरी उतरल्या. त्या काही बोलल्या नाहीत; मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चादरीखाली माझा डावा पाय तेव्हा होता. त्यावर पडलेल्या कोरी मी डोळे भरून बघून घेतल्या.

ऑपरेशन जानेवारीत झालं. त्यानंतर काही दिवसांतच तो पाय दुखायला लागला, जो आता नव्हता. अंगठ्यावर शेजारचं बोट चढलं आहे आणि कुणीतरी ते पिळतं आहे असं वाटायचं. रात्री जास्त. हे पुष्कळांना होतं. मेंदूत शरीराचा जो आराखडा असतो त्यातून पाय लगेच पुसला जात नाही. फिजिओथेरपिस्टने आरशाचा उपाय सांगितला. मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढे आणला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा, आणि शाबूत पाय हळूहळू हलवायचा. डोळ्यांना दोन पाय दिसतात. सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही, पण करून बघण्यासारखं असतं.

आता आरसा हा विषय निघाल्यावर आमच्या मंडळाला कोण थांबवणार? दुकानातला पहिला आरसा काकांनी नापास केला. ट्यूबलाइटखाली तो हळूहळू तिरका करून त्यांनी मला दाखवलं: प्रतिबिंबाची रेघ एका जागी वाकत होती. "काच लहरी आहे. यात तुझी बोटं वाकडी दिसतील, आणि वाकड्या बोटांवर तुझ्या मेंदूचा विश्वास कसा बसेल?" गॅरेजच्या दादाने शेवटी जाड काचेचा निर्दोष आरसा शोधून आणला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि त्याला बिछान्यावर उभं राहील अशी लाकडी बैठक केली. मी उजव्या पायाची बोटं पसरली. आरशात डाव्या पायाची बोटं पसरली. पिळलेलं बोट एकदम सुटलं असं नाही. काही आठवडे रोज करत गेल्यावर पीळ सैल पडत गेला. ज्या दिवशी अंगठा प्रथम मोकळा वाटला त्या दिवशी मी रात्री नऊचा फोन यायची वाट न बघता स्वतःच लावला.

तेव्हा काक्षी आपल्या तळाला होता. आमच्या इमारतीत लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, शेवटचा जिना चढावाच लागतो. दादा आणि दोन विद्यार्थी मला खुर्चीसकट वर न्यायचे. पहिल्या वेळी मला भयंकर संकोच वाटला. दादा म्हणाला, "ताई, बारा इंची दुर्बीण यापेक्षा जड असते, आणि ती आम्ही दर महिन्याला उचलतो." वर गेल्यावर कुणी माझ्याकडे बघत नसे, सगळ्यांच्या माना वर. चौघांचे चार आकडे आणि मग वाद. माझा आकडा चुकला तर तो चुकला असंच सांगत. त्या काळात माझ्याशी वाद घालणारी तेवढीच माणसं उरली होती.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. केमो थांबवता येणार नव्हता. एप्रिलमध्ये प्लेटलेट्स फार खाली गेल्या. दाते आणा असं हॉस्पिटलने सांगितलं आणि रक्तदान शिबिरं तर सगळी बंद होती. बाईंनी फोन फिरवले. आकाशदर्शनाला एखाद-दुसऱ्या वेळी येऊन गेलेली मुलं, काकांनी कधीतरी आरसा घासायला शिकवलेला एक माणूस, पोलिसांचा परवाना काढून मोटरसायकलवरून आले. त्यांतल्या काहींचे चेहरे मी उजेडात कधी बघितलेच नव्हते. अंधारात आवाजावरून ओळखत होते, तेवढीच आमची ओळख. प्लेटलेट्स द्यायला तासाभराच्या वर मशीनला जोडून राहावं लागतं. ती पिशवी पिवळसर, गढूळ दिसते. ती माझ्या अंगात उतरत होती तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

काक्षी तोवर पुन्हा उजळला होता. ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि ती आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आली, असा उलगडा शास्त्रज्ञांनी पुढे केला.

पावसाळा ओसरल्यावर काकांनी सहा इंचांच्या काचेच्या दोन जाड चकत्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. आता तू आरसा घास. आरसा घासायची पद्धत जुनी आहे. वाळू भरलेल्या ड्रमवर खालची चकती पक्की बसवायची, वर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी टाकायचं, आणि दुसरी चकती तिच्यावर पुढे-मागे घासत राहायचं. वरची चकती हळूहळू खोलगट होत जाते, खालची फुगीर. कुठल्याही एका बाजूला झुकतं माप जाऊ नये म्हणून वरची चकती सतत हातात फिरवायची आणि स्वतः ड्रमभोवती फेर धरायचा. मला फेर धरता येणार नव्हता. दादाने जुन्या स्कूटरच्या चाकाचं बेअरिंग घेऊन फिरता पाट बनवला: मी स्टुलावर बसून घासायचं, आणि समोर बसलेल्याने ठरावीक हातांनंतर पाट थोडा वळवायचा. मी विचारलं, याला मोटर नाही का बसवता येणार? "बसवता येईल की," दादा म्हणाला, "पण मग समोर कोण बसणार?" मोटर बसवली गेली नाही. दर संध्याकाळी कुणीतरी मास्क लावून यायचं आणि माझ्यासमोर बसायचं.

भरड भुकटी करकरते. घासता घासता तिचे कण मोडतात आणि आवाज मऊ होत जातो. आवाज बसला की नवी भुकटी. ८० नंबरापासून बारीक बारीक करत जायचं, आणि दर नंबर बदलताना सगळं धुऊन काढायचं, नखांच्या फटीसुद्धा, कारण भरड भुकटीचा एक कण राहिला तरी काचेवर ओरखडा उठतो. एवढी मेहनत करून मध्यभागी खोली येते ती साधारण सव्वा मिलिमीटर. मग राळेच्या थरावर सीरियम ऑक्साइडने पॉलिश, आणि मग लेऑन फूकोने १८५८ च्या सुमाराला शोधलेली चाचणी: आरशातून परत आलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यात ब्लेडची धार सरकवायची आणि काचेवर पडणारी सावली वाचायची. ती इतकी नाजूक असते की काचेवर बोट क्षणभर टेकवलं तरी उबेने तेवढी जागा फुगते आणि सावलीत टेकडीसारखा उंचवटा दिसतो. काच निवली की तो विरून जातो. मी तो खेळ कितीदा तरी केला. माझ्या अंगात एवढी ऊब आहे हे बघायला मला आवडत होतं.

माझा कृत्रिम पाय पुण्यातल्या वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात तयार झाला. हे केंद्र सैन्याचं, १९४४ सालचं, पण नागरिकांचंही काम करतं. मांडीतून पाय गेला की गुडघाही कृत्रिम असतो, आणि सपाट जमिनीवर चालणं शिकायलाच फार वेळ लागतो. माळावर, अंधारात, ढेकळांतून चालणं ही वेगळीच विद्या. कृत्रिम पावलाला खालची जमीन कळत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते, आणि आमच्याकडे तर पांढरा दिवा लावायला बंदी. आता माळावर पोचलं की आधी गाडीपासून दुर्बिणीपर्यंतची वाट साफ करतात, दगड वेचतात, आणि दोन्ही बाजूंना जमिनीलगत लाल कागद लावलेल्या छोट्या टॉर्च ठेवतात. पहिल्या वेळी हे कुणी ठरवलं मला ठाऊक नाही. आता नवीन आलेल्या मुलांना वाटतं, आकाशदर्शनाची हीच रीत असते, आणि ती त्याही माळांवर टॉर्च मांडतात जिथे मी गेलेली नसते.

हा आजार उलटला तर बहुधा फुप्फुसात जातो, म्हणून छातीचं स्कॅनिंग ठरावीक काळाने चालूच आहे. आतापर्यंत छाती स्वच्छ आहे. स्कॅनची तारीख मंडळाच्या वेळापत्रकात लिहिलेली असते, अमावास्यांच्या रांगेत, म्हणजे त्या दिवशी कुणी दुसरं काही ठरवणार नाही.

सध्या आठ इंचांचा आरसा हातात आहे. काका म्हणतात, कडा उतरली आहे, पॉलिश थांबव आणि पुन्हा बारीक भुकटीवर जा. मला ते मान्य नाही. राळेचा थर जरा कडक केला तर कडा सावरेल असं माझं मत आहे, आणि बाई या वेळी माझ्या बाजूने आहेत. रविवारी दादाच्या गॅरेजात शटर ओढून पुन्हा चाचणी लावायची ठरली आहे. ब्लेड मी सरकवणार आहे.